सतरा दिवसांचा अबोला: एका जोडप्याच्या समुपदेशनाची नोंद

फोन दुपारी दीडला आला. मागे शाळेच्या मधल्या सुट्टीचा गलका ऐकू येत होता. "मॅडम, तुम्ही नवरा-बायकोचं काउन्सेलिंग करता ना? मराठीतून करता का?" एवढं विचारून ती थांबली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "आमच्याकडे सतरा दिवस झाले, कोणी बोललेलं नाही. म्हणजे आम्ही दोघं. बाकी सगळं चालू आहे."

बाकी सगळं म्हणजे डबे, मुलीचा अभ्यास, सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या, फ्लॅटचा हप्ता. घर अगदी वेळच्या वेळी चाललं होतं. नऊ वर्षांची मुलगी स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यामध्ये निरोप पोचवत होती. "पप्पांना सांग, पान वाढलंय." "मम्मीला सांग, उद्या सेकंड शिफ्ट आहे."

हे प्रकरण मी दोघांच्या परवानगीने लिहिते आहे. त्यांनी ते आधी वाचलं आहे. नोकऱ्या, गाव, रकमा ओळख पटणार नाही इतपत बदलल्या आहेत, पण भांडणाची वीण होती तशीच ठेवली आहे. ती छत्तिशीची, पिंपरी-चिंचवडमधल्या एका शाळेत शिक्षिका. तो एक्केचाळिसचा, चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात, तीन पाळ्यांमध्ये. लग्नाला 12 वर्षं झालेली. त्याचा थोरला भाऊ सातारा जिल्ह्यात शेती बघतो. आई वर्षातले सात-आठ महिने यांच्याकडे असते.

माझ्यापर्यंत येण्याआधी ती तीन दारांवर जाऊन आली होती.

पहिली झाली ती घरातली बैठक. तिचे मामा, त्याचे चुलते, दोन्हीकडची वडीलधारी माणसं हॉलमध्ये बसली, चहा झाला, दोघांचं ऐकून घेतलं आणि निवाडा दिला: "तू आवाज चढवू नकोस, आणि तू तिला विचारल्याशिवाय पैसे पाठवू नकोस." दोघांनी मान डोलावली. तीन आठवडे बरे गेले. अशा बैठकांना मी कमी लेखत नाही. सुनेला माहेरी धाडून दिलं असेल, दागिने अडवून ठेवले असतील, तर मामांच्या शब्दाला वजन असतं आणि ते वापरलंच पाहिजे. पण बैठकीत प्रत्येक जण आपापली बाजू घेऊन येतो, आणि बैठक संपते तेव्हा कोणाचं तरी खरं ठरलेलं असतं. या घरात दोघांचंही खरं होतं. त्यामुळे निवाडा लागूनही काही सुटलं नाही.

दुसरं दार मोबाइलवरचं. इन्स्टाग्रामवर एक रिलेशनशिप कोच सापडला. तीन महिन्यांचं पॅकेज, पैसे आगाऊ, वर "नातं वाचेल याची गॅरंटी". हप्त्याने पैसे भरून तिला मिळाल्या त्या रोज सकाळी येणाऱ्या ऑडिओ क्लिपा. तिसरं दार ओळखीतल्या एका गृहस्थांचं. त्यांच्या पाटीवर "विवाह समुपदेशक" असं लिहिलेलं होतं. त्यांनी दोघांच्या पत्रिका मागितल्या आणि चाळीस मिनिटांत "बाईने थोडं अॅडजस्ट करावं" असं सांगून मोकळे झाले. तो त्या दिवशी सोबत गेला होता. त्याला ते ऐकून बरं वाटलं असेल असं तिला वाटलं. पुढे कळलं की तो तिच्याइतकाच अवघडून गेला होता.

इथे वाचणाऱ्याला सावध करणं मला भाग आहे. "समुपदेशक" ही पाटी लावायला आपल्याकडे आजवर कोणी परवाना मागितलेला नाही. मानसोपचारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो, तो गोळ्या लिहून देऊ शकतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते आणि तो क्रमांक विचारता येतो, पडताळता येतो. समुपदेशन मानसशास्त्र किंवा समाजकार्यात पदव्युत्तर शिक्षण घेतलेली, जोडप्यांसोबत काम करण्याचं वेगळं प्रशिक्षण झालेली माणसंही हे काम उत्तम करतात. 2021 मध्ये आरोग्यक्षेत्रातल्या संलग्न व्यवसायांसाठी जो केंद्रीय कायदा झाला, त्यात या मंडळींच्या नोंदणीची तरतूद आहे. ती व्यवस्था मार्गी लागेपर्यंत विचारपूस आपणच करायची. आणि शिक्षण विचारलं म्हणून जो समुपदेशक रागावतो, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नये.

तीन दारं फिरून ती विचारायला शिकली होती. पहिल्याच फोनवर तिने मला विचारलं: शिक्षण काय, जोडप्यांसोबत किती वर्षं काम करता, एका वेळेचे पैसे किती, आगाऊ भरावे लागतात का. मग तिने जे दोन प्रश्न विचारले, ते मी आजकाल स्वतःहून लोकांना विचारायला सांगते. "तुम्ही आम्हाला काहीही झालं तरी एकत्रच राहा म्हणणार का?" आणि "ते एकट्याने तुम्हाला काही बोलले, तर ते तुम्ही मला सांगणार का?"

पहिल्याला माझं उत्तर: राहायचं की नाही हे तुम्ही दोघं ठरवाल, मी त्या निर्णयाची मालक नाही. दुसऱ्याला: नाही सांगणार, पण एकत्र कामाच्या मुळावर येईल असं काही कोणी एकट्याने सांगितलं, म्हणजे बाहेर दुसरं नातं आहे किंवा वकिलाकडे कागद तयार आहेत, तर ते मी त्या माणसाला स्वतः सांगायला लावेन. सांगायची तयारी नसेल तर दोघांचं एकत्र समुपदेशन थांबवेन. हा नियम पहिल्या दिवशीच स्पष्ट नसेल तर समुपदेशक नकळत एकाच्या गुपिताचा भागीदार होतो.

राहिला प्रश्न त्याला आणायचा. नवरा येत नाही ही तक्रार मी इतक्यांदा ऐकते की त्यावर माझं एक ठरलेलं सांगणं आहे: "तुम्हाला काउन्सेलिंगची गरज आहे" असं म्हणू नका. ते ऐकणाऱ्याला "तुमच्यात बिघाड आहे" असंच ऐकू येतं. आपल्याला काय जड जातंय ते सांगा, आणि फक्त एकदा या म्हणा. इथे तर बोलणंच बंद होतं. एकोणिसाव्या दिवशी तिने त्याच्या डब्यात पोळ्यांवर एक चिठ्ठी ठेवली: "मला एकटीला हे जमत नाहीये. एकदा या. नाही पटलं तर परत नको." ती चिठ्ठी त्याने पाकिटात ठेवली होती. मला दाखवली, तेव्हा तिच्या एका कोपऱ्याला तेलाचा डाग होता.

पहिल्या दिवशी तो रात्रपाळी करून सकाळी दहाला थेट आला. डोळे लाल, खुर्ची दाराजवळची. झोप नसलेल्या माणसासोबत नात्याचं काम करता येत नाही, हे मला माहीत असूनही मी वेळ देताना पाळी विचारली नव्हती. पुढच्या सगळ्या भेटी त्याच्या पहिल्या पाळीच्या आठवड्यात, संध्याकाळी ठेवल्या. त्यामुळे आठवड्याला एक भेट हे गणित बसलं नाही. साधारण पंधरा दिवसांनी एक, तीही पाऊण तासाऐवजी सव्वा तासाची.

पहिल्या भेटीत मी भांडणाचं कारण विचारत नाही. तुम्ही भेटलात कसे, हे विचारते. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मी बघायला गेलो होतो तेव्हा हिने सगळ्यांसमोर स्वतःसाठी दुसरा चहा मागितला. मला ते आवडलं होतं." ती वळून त्याच्याकडे बघतच राहिली. बारा वर्षांत हे तिने ऐकलं नव्हतं. जुनी आठवण सांगताना माणसाचा चेहरा बदलतो की दगडासारखा राहतो, यावरून पुढच्या कामाचा पुष्कळ अंदाज येतो.

दुसरी आणि तिसरी भेट प्रत्येकाची एकट्याची. ही पायरी गाळणाऱ्यांशी माझा ठाम मतभेद आहे. जोडीदारासमोर खरं बोलायची भीती असलेली बाई एकत्र भेटीत "सगळं ठीक आहे" म्हणते किंवा खरं बोललीच, तर घरी गेल्यावर त्याचा मार खाते. म्हणून दार लावून सरळ विचारायचं: कधी हात उचलला का? पैसे, फोन, माहेरी जाणं यावर पहारा आहे का? इच्छा नसताना जबरदस्ती होते का? त्यांची भीती वाटते का? यातलं काही चालू असेल तर दोघांना समोरासमोर बसवून "संवाद सुधारणं" हा उपाय नव्हेच. तिथे आधी सुरक्षितता: 2005 च्या घरगुती हिंसाचार कायद्याखालचे संरक्षण अधिकारी, 181 ही महिला हेल्पलाइन, तातडीला 112, आणि आपल्या राज्यात पोलीस ठाण्यांच्या आवारात काम करणारे महिला व मुलांसाठीचे विशेष कक्ष. हे कक्ष 1984 मध्ये मुंबई पोलीस आणि टाटा समाजविज्ञान संस्थेने मिळून सुरू केले. या घरात त्याने दोन वर्षांपूर्वी एकदा ताट भिरकावलं होतं, भिंतीवर. ती म्हणाली, "घाबरले त्या दिवशी. त्यांची भीती वाटते असं नाही." मी ते तिच्या शब्दांत लिहून ठेवलं आणि त्यालाही एकट्याला त्याबद्दल विचारलं. त्याने लपवलं नाही.

त्याच भेटीत त्याने मोबाइल पुढे केला. त्यात तिच्या ओरडण्याच्या अकरा रेकॉर्डिंग होत्या. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला होता की जोडीदाराच्या नकळत रेकॉर्ड केलेलं बोलणं वैवाहिक खटल्यात पुरावा म्हणून चालू शकतं. ती बातमी त्यांच्या कंपनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरली होती आणि कोणीतरी सल्ला दिला होता, "असू दे हाताशी." मी एकही ऐकली नाही. त्याला म्हटलं, कोर्टात काय चालतं ते कोर्ट बघेल. पण घरात बोलताना तुमचा एक हात रेकॉर्डच्या बटणावर असेल, तर तुम्ही बायकोशी बोलत नाही, न्यायाधीशाशी बोलताय. तो बराच वेळ फोनकडे बघत बसला. पुढच्या एकत्र भेटीत त्याने ही गोष्ट तिला स्वतः सांगितली आणि तिच्यासमोर रेकॉर्डिंग पुसून टाकल्या. ती रडली, आणि तिला रागही आला. दोन्ही साहजिक होतं.

भांडण असायचं ते पैशांचं. दर दोन-तीन महिन्यांनी तो भावाला दहा-पंधरा हजार पाठवायचा: कधी बोअरवेल, कधी खतं, कधी पुतण्याची फी. घरी सांगायचा नाही. तिला बँकेच्या मेसेजवरून कळायचं, कारण खातं जोड होतं. चौथ्या भेटीत आम्ही एका कागदावर त्या भांडणाचा फेरा काढला. ती विचारते. त्याला तो आरोप वाटतो. तो गप्प बसतो. तिला वाटतं, आपण भिंतीशी बोलतोय, म्हणून ती आवाज चढवते आणि एक टोमणा मारते: "तुमच्या घरच्यांना आपलं घर म्हणजे एटीएम वाटतं." तो चप्पल घालून पार्किंगमध्ये जाऊन बसतो. आता तिची खात्री पटते की याला आपली पर्वाच नाही. तिथून अबोला.

अमेरिकेत जॉन गॉटमन यांनी अनेक वर्षं जोडप्यांना प्रयोगशाळेत भांडताना पाहून नातं पोखरणाऱ्या चार सवयी नोंदवल्या: माणसावरच दोष ठेवणारी टीका, तुच्छता, स्वतःचा बचाव आणि भिंत होऊन बसणं. मी हे शब्द जोडप्यांपुढे क्वचितच काढते. आपल्याकडे त्यांना आधीच नावं आहेत. तुच्छता म्हणजे टोमणा, भिंत म्हणजे अबोला, आणि ही नावं घेतली की लोक लगेच मान हलवतात. स्यू जॉन्सन यांच्या भावनाकेंद्री पद्धतीत एक पाठलाग करतो आणि दुसरा माघार घेतो, असा जो फेरा सांगितला आहे, तो मला कागद पुढे ठेवून समजावायला सोपा जातो. कारण त्यात खलनायक नाही. फेराच दोघांचा शत्रू ठरतो.

आणि इथेच मी चुकले. फेरा काढून झाल्यावर मी त्याला विचारलं, "पण मग पाठवताना सांगत का नाही?" तो गप्प. मी शब्द बदलून पुन्हा विचारलं. मग तिसऱ्यांदा. त्याची नजर दाराकडे गेली. घरात जे घडत होतं, तेच मी खोलीत घडवलं होतं, आणि या वेळी पाठलाग करणारी मी होते. पुढची भेट त्याने ओव्हरटाइमचं कारण देऊन रद्द केली. मी त्याला फोन केला आणि स्पष्ट सांगितलं: त्या दिवशी मी तुम्हाला कोपऱ्यात घेतलं, ते चुकलं. समुपदेशक आपल्याविरुद्ध झुकला आहे असं वाटलं तर बहुतेक लोक काही न बोलता येणं बंद करतात. माझी विनंती आहे, तसं करू नका. तोंडावर सांगा. ते ऐकून घेता येणं हे आमच्या कामाचाच भाग आहे.

तो आला. सहाव्या भेटीत मी प्रश्न उलटा केला: पैसे पाठवून झाले की तुम्हाला कसं वाटतं? "सुटल्यासारखं," तो म्हणाला. मग तुकड्या-तुकड्यांत बाहेर आलं. तो दहावीत असताना वडील अंथरुणाला खिळले. थोरल्याने बारावी अर्धवट सोडून शेत धरलं आणि याच्या डिप्लोमाची फी भरली. "त्याने कधी मागितले नाहीत हो पैसे. म्हणून तर पाठवावे लागतात." सांगत का नाही? "सांगितलं की ही हिशोब विचारणार. आणि याचा हिशोब मला मांडता येत नाही."

तिला एवढंच माहीत होतं की दीर शेती बघतात. ती काही वेळ काहीच बोलली नाही. मग तिने जे सांगितलं, ते त्यालाही नवीन होतं. तिचे वडील एका चुलत भावाला पतपेढीत जामीन राहिले होते, घरात न सांगता. ती आठवीत असताना वसुलीची माणसं दारात आली, तेव्हा तिच्या आईला ते कळलं. पुढे राहतं घर विकावं लागलं. "मला बँकेचा मेसेज आला की पोटात तोच दिवस येतो," ती म्हणाली. "रकमेचं काही नाही हो. न सांगता गेले, एवढंच."

बारा वर्षं दोघं पैशांवर भांडले होते आणि पैशांबद्दल कधी बोललेच नव्हते.

पुढच्या तीन-चार भेटी मी फारसं सांगत बसत नाही, कारण तो भाग घासून-घासून सरावाचा होता. बोलणाऱ्याने दोन मिनिटं बोलायचं, ऐकणाऱ्याने उत्तर न देता आपल्याला काय कळलं ते सांगायचं. राग अंगावर आला की "मी खाली जाऊन येतो, साडेनऊला बोलू" असं वेळेसकट सांगून उठायचं, आणि साडेनऊला परत यायचं. न सांगता उठणं आणि सांगून उठणं यात तिच्यासाठी जमीन-अस्मानाचा फरक होता. आणि मुलीकडून निरोप धाडणं त्या दिवसापासून बंद. हा एक नियम मी सुचवला नाही, घातला.

आठव्या भेटीच्या सुमाराला तिने सांगितलं की ती मध्यंतरी एका वकिलांना भेटून आली होती. मला ते गैर वाटलं नाही. आपले पर्याय माहीत असलेली बाई जास्त मोकळेपणाने निर्णय घेते. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13 ब खाली परस्पर संमतीने घटस्फोट मागायचा तर आधी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. अर्जानंतर सहा महिने थांबण्याची अट आहे, पण समेटाची आशाच उरली नसेल तर न्यायालय ती शिथिल करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये सांगितलं. कौटुंबिक न्यायालयातही समुपदेशक असतात. 1984 च्या कायद्यातच ती सोय आहे आणि समेटासाठी प्रयत्न करणं न्यायालयाचं कर्तव्य मानलं आहे. फक्त तिथे पोचेपर्यंत बहुतेकांचे अर्ज, आरोप, वकील सगळं झालेलं असतं. कागदावर उतरलेला आरोप तोंडच्या आरोपासारखा मागे घेता येत नाही. तिने ही भेट लपवली नाही. त्यालाही सांगितली. तो त्या रात्री पार्किंगमध्ये गेला, पण वेळ सांगून गेला.

समुपदेशनाने किती जणांचं भलं होतं, असं लोक मला विचारतात. मी त्यांना अमेरिकेतल्या एका मोठ्या प्रयोगाचे आकडे सांगते. लॉस एंजेलिस आणि सिएटलमधली 134 जोडपी, सगळी वर्षानुवर्षं त्रासात असलेली, दोन वेगवेगळ्या पद्धतींनी समुपदेशन घेऊन गेली. पाच वर्षांनी पाहिलं तेव्हा जवळपास निम्म्यांच्या नात्यात ठळक सुधारणा टिकलेली होती आणि साधारण एक चतुर्थांश जोडपी विभक्त किंवा घटस्फोटित होती. गॅरंटी विकणाऱ्याला हे आकडे सांगून बघावेत.

या दोघांचं काय झालं? सात महिन्यांत चौदा भेटी झाल्या. भावाला दर महिन्याला ठरलेली रक्कम जाते, दोघांनी मिळून ठरवलेली, आणि ती पाठवते. तिच्या फोनवरून. ही कल्पना त्याची. अबोला संपला नाही. एकदा तीन दिवस झाला, एकदा एक रात्र. टोमणे तिला अजून सुटत नाहीत, पण मारल्यावर तिलाच कळतं. सासूबाईंचा विषय मात्र आम्ही दोनदा काढला आणि दोनदा अर्ध्यावर राहिला. सुनेच्या स्वयंपाकावर त्यांचं बोलणं चालू आहे, आणि आईसमोर तो अजूनही गप्पच बसतो. चौदाव्या भेटीत दोघं म्हणाले, आता महिन्याला एकदा येतो. मी हो म्हटलं.

परवा त्याचा फोन आला, पहिल्यांदाच स्वतःहून. थोरला भाऊ डोळ्याच्या ऑपरेशनसाठी पुण्यात येतो आहे, पंधरा दिवस राहील. "मॅडम, त्यालाही एकदा तुमच्याकडे घेऊन येऊ का? आईचं तोच नीट सांगेल." मी म्हटलं, आधी तुम्ही दोघं या, आणि आईला तुम्हाला स्वतः काय सांगायचं आहे ते ठरवून या. भावाचं नंतर बघू. तो थोडा थांबला. मग मागे वळून त्याने तिला विचारलेलं ऐकू आलं: "गुरुवारी जमेल का तुला?"